पहिली पायरी कोठे आहे?

गिरणगावाच्या उत्तर टोकाला वसलेले नायगाव ही काही विद्यापीठाची वस्ती नव्हे. पाळ्यांवर जाणारे गिरणी कामगार, पोलिसांची कुटुंबे, बीडीडीच्या चाळी, कोकणातून आणि घाटावरून पोटासाठी आलेली माणसे अशीच तिची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळख. तरीही विसाव्या शतकात मराठी भाषेत तत्त्वचिंतनाचे जे जाहीर प्रसंग घडले, त्यांतील एक फार मोठा प्रसंग या नायगावाच्या वाट्याला आला. ३१ मे १९३६ रोजी मुंबई इलाखा महार परिषदेपुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘मुक्ती कोन पथे?’ हे भाषण येथे केले. समोर बसलेल्या बहुसंख्य श्रोत्यांनी महाविद्यालयाची पायरीही पाहिलेली नव्हती. त्यांच्यापुढे धर्म हा माणसासाठी की माणूस धर्मासाठी, व्यक्तीच्या उत्कर्षाला सहानुभूती, समता आणि स्वातंत्र्य यांची गरज का असते, समाजाचे आणि व्यक्तीचे नाते कसे असावे, असे प्रश्न एकेक करून ठेवण्यात आले. भाषणाच्या अखेरीस भगवान बुद्धांनी आनंदाला केलेल्या अखेरच्या उपदेशाचे स्मरण देऊन वक्त्याने श्रोत्यांना स्वतःच्या बुद्धीने निर्णय करण्यास सांगितले.

त्या भाषणाचा निष्कर्ष हिंदू समाजाला झोंबणारा होता, आणि त्याचा विचार पुढे करावाच लागेल. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने आधी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लंडन आणि न्यूयॉर्क येथील विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेल्या पंडिताने आपल्या श्रोत्यांना अवघड प्रश्न पेलणार नाहीत, असे क्षणभरही मानले नाही. त्याने विषय सोपा करण्यासाठी तो उथळ केला नाही; श्रोत्याच्या स्वतःच्या आयुष्यातून तो उचलला, आणि मग श्रोता त्यात आपोआप शिरला.

आज त्याच नायगावात एखाद्या बँकेतील कर्मचाऱ्याला, निवृत्त शिक्षिकेला किंवा बारावी झालेल्या मुलाला तत्त्वज्ञान शिकावेसे वाटले, तर त्याने आरंभ कोठून करावा? प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाची वास्तू नायगावातच आहे, आणि तेथील संदर्भ विभाग अभ्यासकांना चांगला परिचित आहे. ग्रंथांचा तुटवडा मराठीत नाहीच. दे. द. वाडेकर यांच्या संपादनाखाली मराठी तत्त्वज्ञान महाकोशाचे तीन खंड १९७४ साली प्रकाशित झाले. ग. ना. जोशी यांनी पाश्चात्त्य आणि भारतीय तत्त्वज्ञानाचे इतिहास खंडामागून खंड लिहून मराठीत आणले. श्रीनिवास दीक्षित यांचे ‘भारतीय तत्त्वज्ञान’ विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनी वाचले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत ज्याची पायाभरणी केली, तो मराठी विश्वकोश आता घरबसल्या विनामूल्य वाचता येतो. एवढे असूनही नवशिका आरंभालाच अडखळतो. कारण ही सारी संपत्ती वरच्या मजल्यावर ठेवलेली आहे आणि जिन्याच्या खालच्या चार पायऱ्या कोणी बांधल्याच नाहीत. महाकोश हाती देऊन ‘वाच’ म्हणणे म्हणजे पोहायला शिकू इच्छिणाऱ्याला समुद्राचा नकाशा देणे होय.

ही उणीव आपल्या परंपरेची आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. परंपरेने खालच्या पायऱ्या जाणीवपूर्वक बांधल्या होत्या. सतराव्या शतकातील अन्नंभट्टाचा ‘तर्कसंग्रह’ हे त्याचे ठळक उदाहरण. मुलांना सुखाने बोध व्हावा म्हणून आपण हा ग्रंथ रचत आहोत, असे ग्रंथकार आरंभालाच सांगतो. ग्रंथ इतका लहान आहे की त्याची मूळ पाने एका बैठकीत वाचून होतात. जगात जे जे आहे त्याचे सात पदार्थ, त्यांपैकी द्रव्ये नऊ, गुण चोवीस, ज्ञानाची प्रमाणे चार, अशी मांडणी करीत तो विद्यार्थ्याला थेट अनुमानापर्यंत आणून सोडतो. आणि अनुमान शिकवताना उदाहरण कोणते? स्वयंपाकघराचे! डोंगरावर विस्तव आहे. कारण तेथे धूर दिसतो. जेथे जेथे धूर तेथे तेथे विस्तव, जसे स्वयंपाकघरात. या डोंगरावरही तसाच धूर आहे. म्हणून तेथे विस्तव आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन ही पाच अवयवांची रचना ज्याला एकदा कळली, त्याला दुसऱ्याचे म्हणणे तपासण्याचे साधन मिळाले.

याच ठिकाणी नायगावातील एखाद्या घरात बसून पुढचा प्रश्न विचारता येईल. धूर असेल तेथे विस्तव असतो, हे खरे. मग विस्तव असेल तेथे धूर असतोच का? आजीच्या गावाकडच्या चुलीवर धूर होता. आईच्या गॅसच्या शेगडीवर विस्तव आहे, धूर नाही. नैयायिकांनी हाच मुद्दा तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्याच्या उदाहरणाने मांडला. धूर निघतो तो ओल्या सरपणामुळे. ही दडलेली अट लक्षात न घेता केलेले अनुमान फसते. अशा दडलेल्या अटीला त्यांनी ‘उपाधी’ असे नाव दिले. गिरण्यांची धुराडी ज्यांनी पाहिली आहेत, त्या पिढीला तर हे अधिकच सहज उमजेल. धुराड्यातून धूर निघाला म्हणजे गिरणी चालू, हे अनुमान बरोबर होते. परंतु धूर दिसत नाही म्हणून गिरणी बंद, असे प्रत्येक वेळी म्हणता येत नव्हते. विजेवर चालणाऱ्या गिरण्याही होत्याच. दहा वर्षांच्या मुलाला हे समजते. आणि हे ज्याला समजले, तो भ्रमणध्वनीवर आलेला ‘अमुक झाले म्हणून तमुक झाले’ असा संदेश डोळे मिटून पुढे धाडणार नाही. हेत्वाभासांचे पाच प्रकार ही आजच्या घडीला घराघरात लागणारी विद्या आहे; ती केवळ संस्कृत पाठशाळांच्या भिंतीआड राहिली, हे दुर्दैव.

‘तर्कसंग्रहा’ची विस्तृत टीपांसह आवृत्ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई संस्कृत मालेत निघाली. यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस या मराठी विद्वानांनी ती सिद्ध केली. टीपा मात्र इंग्रजीत होत्या. त्या काळी विद्यापीठाची गरजच तशी होती, हे मान्य करूनही म्हणावेसे वाटते की मराठी विद्वत्तेचा केवढा तरी भाग असा इंग्रजीच्या खात्यावर जमा झाला. गुरुदेव रा. द. रानडे यांचा उपनिषदांवरील १९२६ सालचा विख्यात ग्रंथ इंग्रजीत आहे. महाराष्ट्रातील संतांच्या अनुभूतीवरील त्यांचा १९३३ सालचा ग्रंथही आधी इंग्रजीतच आला. जगाला महाराष्ट्र कळला, हे उत्तमच झाले. नायगावच्या वाचकाला मात्र तो ज्ञानाचा ठेवा दुसऱ्याच्या अंगणातून परत आणावा लागला.

संतांनी ही चूक केली नव्हती. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी गीतेच्या सातशे श्लोकांवर सुमारे नऊ हजार ओव्या रचल्या, त्या संस्कृत न जाणणाऱ्या श्रोत्यासाठी. समर्थांच्या दासबोधाचा आरंभच श्रोत्याच्या पृच्छेने होतो: हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितले आहे, तो ऐकून काय मिळेल? वीस दशक आणि प्रत्येकात दहा समास ही रचना पाहिली, तर रोज एक समास वाचणाऱ्या गृहस्थाची सोय ग्रंथकाराने आधीच पाहिली होती, असे दिसते. श्रोता मध्येच शंका काढतो, वक्ता थांबून उत्तर देतो. पारायणाच्या ओघात या शंकांवरून आपण जीभ फिरवून पुढे जातो, ही गोष्ट वेगळी.

आधुनिक काळातील सर्वात यशस्वी प्रयोग मात्र तुरुंगात झाला. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी सत्याग्रही कैद्यांपुढे दर रविवारी गीतेच्या एका अध्यायावर बोलायचे, असे ठरले. २१ फेब्रुवारीला पहिले प्रवचन झाले आणि १९ जूनला अठरावे. साने गुरुजी तेथे बंदिवान होते. त्यांनी ती प्रवचने उतरून घेतली. तीच ‘गीता-प्रवचने’ पुढे देशातील अनेक भाषांत गेली. या घटनेचा हिशेब मुद्दाम करावा. एकूण अठरा बैठका. कालावधी चार महिन्यांचा. खर्च शून्य. श्रोते विविध थरांतील, काही शिकलेले आणि काही अडाणी. वक्त्याजवळ विद्वत्ता भरपूर, पण तिचे प्रदर्शन कोठेही नाही. आणि एक लिहून घेणारा, जो स्वतः शिक्षक होता. साने गुरुजींनी ऐन तरुणपणी अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात काही काळ काढला होता. १९१६ साली श्रीमंत प्रताप शेठ यांच्या दातृत्वातून उभ्या राहिलेल्या त्या संस्थेने देशाला मोठे पंडित दिले. पण मराठी घरांत तत्त्वज्ञान पोहोचले ते धुळ्याच्या कोठडीतील त्या वहीतून.

याच्याशी ताडून पाहण्यासारखी एक परदेशी हकिगत आहे. अमेरिकेतील विल ड्युरंट हे न्यूयॉर्कच्या ‘लेबर टेंपल’मध्ये कामगारांना व्याख्याने देत असत. प्लेटोवरील त्यांचे व्याख्यान एका प्रकाशकाच्या कानी पडले, आणि त्याने ते पाच सेंटच्या छोट्या पुस्तिकेच्या रूपाने छापण्याचे मनावर घेतले. अशा पुस्तिकांतूनच १९२६ साली तत्त्वज्ञानाची कहाणी सांगणारा तो जगप्रसिद्ध ग्रंथ तयार झाला. दिवसभर यंत्रावर काम केलेला माणूस रात्री प्लेटो ऐकायला येतो, यात न्यूयॉर्कचे काही विशेष नाही. ज्या लालबाग-परळमध्ये पाळी संपवून आलेले कामगार मध्यरात्रीपर्यंत भजनात हरिपाठाचा अर्थ लावीत बसत, तेथे ती भूक होतीच. पाच सेंटची पुस्तिका तेवढी नव्हती.

पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणारे आणि पुढे तेथेच प्राचार्य झालेले शंकर वामन तथा सोनोपंत दांडेकर यांनी या दोन जगांतील अंतर स्वतःच्या आचरणाने मिटवले होते. वर्गात ते पाश्चात्त्य तत्त्ववेत्ते शिकवीत आणि वारीत, कीर्तनात वीणा घेऊन उभे राहत. ज्या जोग महाराजांचे ते शिष्य, त्यांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तेथे खेड्यापाड्यांतील मुले चार वर्षे राहून ज्ञानेश्वरी आणि गाथेचा अर्थासह अभ्यास करू लागली. दादरच्या कीर्ती महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले मे. पुं. रेगे यांनी ‘नवभारत’ मासिकातून गंभीर तत्त्वचर्चा आयुष्यभर मराठीत केली. १९८३ साली पुण्यात पारंपरिक नैयायिक पंडित आणि पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेले प्राध्यापक यांना समोरासमोर बसवून रसेलच्या सिद्धान्तांवर संवाद घडवण्यात रेगे यांचा मोठा वाटा होता. असे लोक आता मोजकेच राहिले आहेत. प्राध्यापक शोधनिबंधात गुंतला आहे, कीर्तनकार गर्दीत. मधला पूल ओस पडला आहे.

ओस पडलेली जागा रिकामी राहत नाही, हे ओघाने आलेच. तत्त्वज्ञानाच्या नावाखाली आज जे सहज हाती येते, त्यातील बराचसा माल अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितींचा आहे. चाणक्याच्या तोंडी त्याने कधीही न उच्चारलेली वाक्ये घातली जातात, गीतेच्या नावावर गीतेत नसलेली सुभाषिते फिरतात, आणि सश्रद्ध मंडळी ती नमस्कारासह पुढे पाठवतात. धर्मनिष्ठेचा आव आणणारे हे अज्ञान धर्माच्या टीकाकारांपेक्षा अधिक नुकसान करते. मूळ ग्रंथ कपाटात, आणि त्याच्या नावाची बनावट नाणी बाजारात!

आणि येथेच कार्यकर्त्यांनी स्वतःकडेही पाहिले पाहिजे. अभ्यासवर्ग पुष्कळ होतात, बौद्धिके होतात, व्याख्यानमाला होतात. त्यांतून माहिती मिळते, प्रेरणा मिळते. परंतु श्रोत्याला प्रश्न पडण्याच्या आधीच उत्तर मिळालेले असते. भारतीय दर्शनांची रीत याच्या उलट आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे, तो स्वतः मांडील त्याहूनही समर्थपणे मांडायचे, त्याला पूर्वपक्ष म्हणायचे, आणि मगच आपल्या सिद्धान्ताकडे वळायचे. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांचा ‘सर्वदर्शनसंग्रह’ पाहावा. वेदान्ताकडे नेणाऱ्या या ग्रंथाचे पहिले प्रकरण वेद न मानणाऱ्या चार्वाकाचे आहे, त्यानंतर बौद्ध आणि जैन येतात. शृंगेरी पीठाच्या परंपरेतील ग्रंथकाराला चार्वाकापासून आरंभ करताना धर्म बुडेल अशी भीती वाटली नाही. मग आजच्या अभ्यासवर्गाला विरुद्ध मताचा ग्रंथ उघडताना संकोच का वाटावा?

नायगावच्या संदर्भात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. तेथे तत्त्वज्ञानाचे अभ्यासमंडळ काढणाऱ्याला ‘मुक्ती कोन पथे?’ टाळून पुढे जाता येणार नाही. ज्या भाषणाला एक घर पूर्वपक्ष म्हणेल, तेच शेजारच्या घराचा सिद्धान्त आहे. दोन्ही घरांतील माणसे एका सतरंजीवर बसून ते संपूर्ण वाचतील, बाबासाहेबांचा प्रत्येक युक्तिवाद त्यांच्याच शब्दांत समजून घेतील, अस्पृश्यतेचा दंश ज्यांनी सोसला त्यांच्या घरातील आठवणी ऐकतील, आणि मग ज्याला उत्तर द्यायचे आहे तो उत्तर देईल. काही युक्तिवादांना उत्तर सापडणार नाही. ते तसेच वहीत लिहून ठेवावे लागतील. समरसतेच्या गोष्टी व्यासपीठावरून बोलणे सोपे असते. अशा बैठकीत शांतपणे बसून राहणे अवघड.

आता व्यवहाराचे. आरंभ मोठ्या इतिहासाने करू नये. थेल्सपासून सार्त्रपर्यंत किंवा वेदांपासून विवेकानंदांपर्यंत क्रमाने जाऊ पाहणारा दुसऱ्या प्रकरणात थकतो. आधी एक प्रश्न घ्यावा, आणि त्या प्रश्नाभोवती एक छोटा ग्रंथ. लोकमान्यांच्या ‘गीतारहस्या’चेच पाहावे. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला हा ग्रंथ अनेक मराठी घरांत आहे, आणि त्याच्या पहिल्या पानांपुढे फार थोडे जातात. अशांनी दुसरे प्रकरण, ‘कर्मजिज्ञासा’, आधी उघडावे. खरे बोलल्याने निरपराध माणसाचा जीव जात असेल तर काय करावे, दोन कर्तव्ये एकमेकांविरुद्ध उभी राहिली तर कोणते पाळावे, अशा पेचांनी ते भरलेले आहे. शेक्सपिअरचा हॅम्लेटही तेथे अर्जुनाच्या शेजारी येऊन उभा राहतो. ज्याला ते पेच भिडले, तो पुढची प्रकरणे स्वतः शोधीत जाईल. उपनिषदांकडे जायचे तर छांदोग्यातील श्वेतकेतूपासून जावे. पाण्यात मीठ टाकून, सकाळी ते कोठे गेले असे विचारणारा बाप प्रत्येक घरात चालण्याजोगा शिक्षक आहे. कठोपनिषदातील नचिकेताही मुलगाच, आणि बापाच्या दांभिक दानाविषयी त्याला पडलेला प्रश्न मुलांना आवडतो, थोरांना थोडा अडचणीचा वाटतो.

दुसरी गोष्ट, एकट्याने आरंभ करू नये. सात-आठ जण, आठवड्यातून एक तास, विनोबांप्रमाणे रविवार. एकाने उतारा वाचावा, दुसऱ्याने तो स्वतःच्या शब्दांत सांगावा, तिसऱ्याने त्यावर आक्षेप घ्यावा. पुढच्या रविवारी भूमिका बदलाव्यात. शब्द अडला तर विश्वकोश पाहावा, त्याहून अडला तर ग्रंथसंग्रहालयात जाऊन महाकोश. पारिभाषिक शब्दांची धास्ती बाळगू नये. ‘हेतू’, ‘प्रमाण’, ‘पदार्थ’, ‘सामान्य’, ‘विशेष’ हे शब्द मराठी माणूस रोज वापरतो, त्यांचा शास्त्रीय अर्थ तेवढा नव्याने शिकायचा आहे. घरातील स्त्रियांना चहापुरते आत-बाहेर न करता सतरंजीवर बसवावे, हे वेगळे सांगावे लागू नये, पण लागते. गार्गीचे नाव व्याख्यानात घेणाऱ्या घरांतही लागते.

शासनाकडून काय अपेक्षावे? अकरावी-बारावीला कला शाखेत तत्त्वज्ञान आणि तर्कशास्त्र हे ऐच्छिक विषय आहेत. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने भारतीय ज्ञानपरंपरेला अभ्यासक्रमात जागा दिली, हे स्वागतार्ह आहे. मात्र त्या जागेत परंपरेचा केवळ गौरव भरला गेला आणि तिच्यातील वाद, खंडन-मंडन आणि शंका गाळल्या गेल्या, तर विद्यार्थ्याच्या हाती गुणांपुरती स्तोत्रे पडतील. न्यायशास्त्राची प्रश्नपत्रिका ‘पाच हेत्वाभासांची नावे लिहा’ एवढीच असू नये. आजच्या वृत्तपत्रातील एक अग्रलेख देऊन त्यातील हेत्वाभास शोधायला सांगावे.

नायगावातील बीडीडी चाळी १९२० च्या दशकात मुंबई विकास खात्याने बांधल्या. म्हाडाच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीच्या जागी ५०० चौरस फुटांची सदनिका मिळते, स्वतंत्र स्वच्छतागृह मिळते. तीन पिढ्यांनी सोसलेले हाल पाहता त्याबद्दल कोणीही हळहळण्याचे कारण नाही. चाळीचा सामाईक व्हरांडा मात्र मनोऱ्यात राहत नाही. तेथे संध्याकाळी वर्तमानपत्राचे वाचन होई, वाद होत, ओव्यांचा अर्थ लावला जाई. नव्या इमारतींच्या सामाईक दालनांची वेळापत्रके ठरवण्याचे काम सोसायट्यांच्या पहिल्या सभांतच होईल, आणि तेथे वाढदिवस व व्यायामवर्ग यांच्या मागण्या आधी येतील. रविवार सकाळचा एक तास अठरा आठवड्यांसाठी मागून घ्यायचा असेल, तर तो अर्ज त्या पहिल्या सभेतच गेला पाहिजे.